आयटीआयनंतर स्वतःचा धंदा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बावीस वर्षं मी शासकीय आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो. त्याआधी अडीच वर्षं स्वतःचा गाळा चालवला होता. तो बंद पडला म्हणून तर मास्तर झालो. त्यामुळे खाली जे सांगतोय त्यातलं निम्मं मुलांकडून शिकलेलं आहे आणि निम्मं त्या गाळ्याची फी भरून. निकाल लागला की मुलं हे प्रश्न घेऊन येतात, प्रवेशाच्या वेळी पालक येतात आणि मधूनमधून नवे निदेशकही फोन करतात.

आयटीआय पास झालो. लगेच स्वतःचं वर्कशॉप टाकू का?

नको. आधी अप्रेंटिसशिप कर आणि त्यानंतर वर्ष-दोन वर्षं दुसऱ्याकडे काम कर. अप्रेंटिस कायदा १९६१ पासून आहे. २०१६ पासून केंद्र सरकार स्टायपेंडचा काही भार स्वतः उचलतं, त्यामुळे आता छोटी वर्कशॉपंही अप्रेंटिस घ्यायला तयार होतात.

जागा निवडताना मात्र डोकं वापर. सगळी मुलं चाकणच्या मोठ्या कंपनीमागे धावतात. तिथे बस असते, कॅन्टीन असतं, गणवेश असतो, पण वर्षभर एकाच स्टेशनवर उभं राहून एकच बोल्ट आवळायची वेळ येऊ शकते. नोकरीच करायची असेल तर ते ठीक आहे. धंदा शिकायचा असेल तर दहा-पंधरा माणसांचं वर्कशॉप बघ, भोसरीत, सातपूरला, शिरोलीला, वाळूजला, जिथे मालक सकाळी स्वतः शटर उघडतो. तो गिऱ्हाइकाशी फोनवर कसा बोलतो, लोखंडी बार कुठून आणतो, स्क्रॅप कोणाला विकतो, पगाराच्या आदल्या दिवशी कोणाकडे पैसे मागतो, हे सगळं तुला फुकटात बघायला मिळेल. मोठ्या कंपनीत हे बंद केबिनमध्ये चालतं.

आणि एक पथ्य पाळ. बाहेर पडताना मालकाचं गिऱ्हाईक फोडून धंदा सुरू करू नकोस. एमआयडीसी दिसते मोठी, पण आतून ती गावासारखीच आहे. दुपारच्या चहाला सगळ्यांना सगळं कळलेलं असतं.

आयटीआयमध्येच उद्योजकता शिकवतात ना? मग वेगळं काय शिकायचं?

‘एम्प्लॉयबिलिटी स्किल्स’ या विषयात उद्योजकतेचा भाग आहे. उद्योजकाचे गुण, योजनांची नावं, प्रकल्प अहवालाचा नमुना, सगळं आहे. मुलं पाठ करतात आणि पास होतात.

अडचण मुळातली आहे. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली ती कारखान्यांना कुशल कामगार मिळावेत म्हणून. कारखान्यात कामगाराच्या हातात ड्रॉइंग येतं, माल येतो, वेळ ठरलेली असते. आमचं सगळं शिकवणं याच साच्यातलं. स्वतःच्या दुकानात ड्रॉइंग येत नाही. पिशवीत घालून एक तुटका पार्ट येतो आणि माणूस म्हणतो, “असाच करून द्या, संध्याकाळी पाहिजे, किती होतील?”

‘असाच’ म्हणजे कसा, हे आमच्या मुलाला व्हर्नियर लावून सांगता येतं. ‘संध्याकाळी’चंही तो काहीतरी जमवतो. ‘किती होतील’ला मात्र तो अडखळतो आणि बहुधा म्हणतो, “द्या तुम्हाला पटेल ते.” माझा गाळा याच वाक्यानं बुडाला.

मग भाव सांगायचा कसा?

याचं उत्तर लांब आहे, पण यापुढचं सगळं यावरच उभं आहे. आधी आपल्या एका तासाची किंमत काढायची.

एक छोटं फॅब्रिकेशनचं दुकान धरू. तू आणि एक हेल्पर. आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुझ्या गावचे तू घाल. महिन्याचं भाडं ९,००० रुपये, वीज ४,०००, कर्जाचा हप्ता ७,०००, हेल्परचा पगार १४,०००, फोन-पेट्रोल-चहा ४,०००, मशीनची देखभाल २,०००. झाले ४०,०००. बहुतेक मुलं इथेच थांबतात, कारण स्वतःचा पगार त्यात धरायचा असतो हे कोणी सांगितलेलंच नसतं. दुसऱ्याकडे काम केलं असतंस तर जे मिळालं असतं ते धर, २०,००० समज. एकूण ६०,०००.

आता तास. महिन्याचे पंचवीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०० तास. पण या दोनशेपैकी किती तासांचे पैसे गिऱ्हाईक देतं? माप घ्यायला जाणं, लोखंड आणायला जाणं, कोटेशन लिहिणं, वीज गेली म्हणून बसणं, पैसे मागायला फेऱ्या मारणं, यांचं बिल कोणाच्या नावानं फाडणार? वहीत प्रामाणिकपणे लिहिलंस तर १२० तास निघाले तरी पुष्कळ. ६०,००० भागिले १२०, म्हणजे तासाला ५०० रुपये.

स्वतःचा पगार विसरलास आणि दोनशे तास धरलेस, तर हाच आकडा येतो २००. शेजारचा दुकानदार तीनशे सांगतोय म्हणून तू अडीचशे सांगतोस, गिऱ्हाईक खूष, दिवसभर ग्राइंडर फिरतोय, आणि वर्षाच्या शेवटी हप्ता थकलेला. गर्दी असलेली दुकानं अशीच बंद पडतात. माझ्या गाळ्यात शेवटच्या महिन्यातसुद्धा काम होतं.

आता एक ग्रिल. लोखंड, त्यातली कटाईची नासाडी धरून, २,४०० रुपये. रॉड, कटिंग व्हील, प्रायमर ३००. टेम्पो ३००. सहा तास काम, म्हणजे ३,०००. बेरीज ६,०००. यावर दहा टक्के नफा धरला तर भाव ६,६००. नफा हा तुझ्या पगारापेक्षा वेगळा. पगार घरी जातो, नफा दुकानात राहतो. पुढच्या वर्षी वेल्डिंग मशीन जळलं की त्यातून नवं येतं.

बाजारात फॅब्रिकेशनचं काम किलोवर चालतं, मग हा तासांचा हिशेब कशाला, असं तू विचारशील. भाव किलोनंच सांग, गिऱ्हाइकाला तेच कळतं. पण आत तासांचा हिशेब असू दे. तीस किलोचं साधं गेट आणि तीस किलोची नक्षीची ग्रिल यात वेळेचा जो फरक आहे तो तराजूला दिसत नाही.

हिशेबनीस म्हणेल, हप्ता हा खर्च नव्हे, व्याज आणि घसारा वेगळे धरा. त्याचं बरोबर आहे. पहिली दोन वर्षं तू हप्ताच धर, निदान तो विसरला तरी जाणार नाही.

उद्योग झपाट्यानं बदलतोय. आज शिकलेला ट्रेड पाच वर्षांनी चालेल का?

ट्रेड चालेल. त्यातलं काम बदलेल, आणि ते आधीच बदललंय. दुचाकीचंच बघा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. कानानं आवाज ऐकून स्क्रू फिरवणारा उस्ताद मेकॅनिक एका रात्रीत बाद झाला नाही, कारण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. पण त्याच्याकडे स्कॅनर नसेल तर नवी गाडी त्याच्या दारात थांबत नाही.

रेफ्रिजरेशनवाल्यांचं तर गॅसगणिक शिक्षण बदललं. जुन्या एसीत आर-२२ होता. ओझोनच्या थरासाठी झालेल्या माँट्रियल करारानुसार तो हळूहळू बंद होतोय. नव्या एसीत आर-३२ आहे, तो थोडा का होईना पेट घेतो. घरच्या फ्रीजमध्ये आर-६००ए आहे, तो तर सरळ ज्वलनशील आहे. जुन्या सवयीनं गॅस न काढता, नायट्रोजन न फिरवता टॉर्च लावली तर काय होईल ते लिहायला नको. व्हॅक्यूम पंप न लावता ‘गॅसनंच हवा हाकलायची’ पद्धतही आता सोडा. इन्व्हर्टर एसीत बरेच बिघाड पीसीबीवर (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीवर) असतात, म्हणजे मल्टिमीटर आलाच पाहिजे.

याच ट्रेडमध्ये लोकांच्या लक्षात न येणारी एक जागा आहे. एसीचा हंगाम मार्च ते जून. बाकीचे आठ महिने काय? नाशिक-सांगलीकडे द्राक्षांची प्रीकूलिंग युनिटं आणि शीतगृहं आहेत, कोल्हापूर-सोलापूर पट्ट्यात गावोगावी दुधाचे बल्क कूलर आहेत. रात्री कूलर बंद पडला तर सकाळी हजारो लिटर दूध नासतं. तिथे रात्री दोनला जो येतो त्याच्याशी कोणी भावावरून घासाघीस करत नाही.

ईव्हीमुळे मोटर मेकॅनिकचा धंदा संपणार का?

इंजिन ऑइल, क्लच, प्लग, सायलेन्सर, एवढी कामं ईव्हीत नाहीत. टायर, ब्रेक, सस्पेन्शन, बेअरिंग, बॉडी, वायरिंग आहेच. नवं आलंय ते मोटर, कंट्रोलर, चार्जर आणि बॅटरी. आयटीआयत आता ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ असा वेगळा ट्रेडही आहे. जुन्या मोटर मेकॅनिकनं इलेक्ट्रिशियन मित्राला जोडीला घेतला तर दोघांचंही भलं होईल.

बॅटरी पॅक उघडायच्या फंदात मात्र प्रशिक्षणाशिवाय पडू नका. दुचाकीचं व्होल्टेज तुलनेनं कमी असलं तरी लिथियम सेल शॉर्ट झाला तर आग विझता विझत नाही, आणि चारचाकीत तर शेकडो व्होल्ट असतात. व्हिडिओ बघून सेल बदलणाऱ्यांचं मला कौतुक वाटत नाही, भीती वाटते.

इलेक्ट्रिशियनला सोलारमध्ये खरंच काम आहे?

आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. एक कोटी घरांच्या छपरावर सोलार, आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान. शेताकडे महाराष्ट्र सरकारची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ आहे, तिथे सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या दहा टक्केच भरावे लागतात. या योजनांत थेट पुरवठादार व्हायचं तर नोंदणी लागते, भांडवल लागतं, अनुदान येईपर्यंत कळ काढावी लागते. नव्या मुलानं आधी नोंदणीकृत पुरवठादाराकडून उभारणीचं काम घ्यावं: स्ट्रक्चर, केबल, अर्थिंग, वीज पडण्यापासून वाचवणारा लाइटनिंग अरेस्टर.

पुढे खरं काम देखभालीचं असेल. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं म्हणतात. इन्व्हर्टर तेवढा टिकत नाही. पॅनेलवर धूळ बसते, माकडं उड्या मारतात, उंदीर केबल कुरतडतात. बसवणारे उदंड झाले, पण तीन वर्षांनी फोन उचलणारा गावात एकही सापडत नाही. ती जागा रिकामी आहे.

टर्नर/मशिनिस्ट आहे. कर्ज काढून सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) घेऊ का?

काम हातात आहे का ते आधी सांग. ‘मशीन आलं की काम येईल’ या भरवशावर घेतलेली मशीनं मी बँकेच्या लिलावात पाहिली आहेत.

जॉबवर्कचं गणित वरून सोपं दिसतं. कास्टिंग (ओतीव भाग) गिऱ्हाइकाचं, चलानावर तुझ्याकडे येतं, तू मशिनिंग करून परत देतोस आणि लेबरचे पैसे घेतोस. समज, कास्टिंग १८० रुपयांचं आणि लेबर नगाला २२. एक नग रिजेक्ट झाला की डेबिट नोट येते, म्हणजे तुझ्या बिलातून १८० कापले जातात. म्हणजे आठ चांगल्या नगांची मजुरी त्या एका नगानं खाल्ली. शंभरात पाच नग गेले तर चाळीस नगांची मजुरी गेली, आणि इन्सर्टचा (कापणाऱ्या टूलच्या बदलायच्या टोकाचा) खर्च अजून धरलेलाच नाही. म्हणून मशीन घेण्याआधी मायक्रोमीटर, बोअर गेज आणि पहिल्या नगाची तपासणी नोंदवायची सवय घ्या. मोठ्या कंपन्यांची साखळी आता कागद मागते: तपासणी अहवाल, मोजमाप साधनांचं कॅलिब्रेशन, पुढे आयएसओ प्रमाणपत्र. आमची मुलं जॉब चांगला करतात आणि नोंद करत नाहीत.

जुनं मशीन घेत असाल तर बॉल स्क्रूचा बॅकलॅश (ढिलेपणा), स्पिंडलचा रनआउट (फिरताना येणारी डगमग) आणि कंट्रोलरचे सुटे भाग अजून मिळतात का, हे पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. रंग नवा मारलेला असेल तर जास्तच बारकाईनं पाहा.

आणि सगळं काम एकाच गिऱ्हाइकाचं असेल तर तो धंदा म्हणायचा की भाड्याची जागा घेऊन केलेली नोकरी, हे ठरव. गाड्यांचा खप मंदावला की पहिला फटका साखळीच्या शेवटच्या गाळ्याला बसतो. थोडं शेती-अवजारांचं, थोडं पंपाचं, थोडं दुरुस्तीचं काम धरून ठेव.

दुरुस्तीच करत बसलो तर मोठा कसा होणार?

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. बेळगावात त्यांनी १८८८ मध्ये सुरू केलं ते सायकलचं दुकान. तिथून कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर बराच काळ पडून राहिले. किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला तो १९१० मध्ये, औंध संस्थानाच्या माळरानावर. म्हणजे सायकलीपासून कारखान्यापर्यंत बावीस वर्षं. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांची मुळंही अशीच शेतीच्या इंजिनांच्या दुरुस्तीत सापडतात.

दुरुस्ती करणाऱ्याला एक गोष्ट कळते जी इंजिनिअरला ऑफिसात बसून कळत नाही: वस्तू नेमकी कुठे तुटते. एकाच जागी तुटलेले दहा पार्ट तुझ्या बाकावर आले, तर अकरावा पार्ट तू जास्त मजबूत करून विकायला ठेवू शकतोस. म्हणून वहीत लिहून ठेव, काय आलं, कुठे तुटलं, कोणाचं होतं.

भांडवल कुठून आणायचं? योजना कोणत्या?

योजना पुष्कळ आहेत. सुरुवातीला उपयोगाच्या तीनच सांगतो.

मुद्रा: २०१५ पासून. ‘शिशु’मध्ये ५०,००० पर्यंत, ‘किशोर’मध्ये ५ लाखांपर्यंत, ‘तरुण’मध्ये १० लाखांपर्यंत. तारण लागत नाही. ‘तरुण’चं कर्ज नीट फेडलेल्यांना आता २० लाखांपर्यंत मिळू शकतं. यात अनुदान नाही, निव्वळ कर्ज आहे, हे पालकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम: उत्पादनाला ५० लाख, सेवेला २० लाख अशी प्रकल्पाची मर्यादा. सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान, महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरे विशेष गटांना २५ आणि ३५. स्वतःचे दहा टक्के घालावे लागतात, विशेष गटांना पाच.

मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम: २०१९ पासून, महाराष्ट्राचा, साधारण याच धर्तीवर. अर्ज जिल्हा उद्योग केंद्रातून पुढे जातो.

अनुदानाबद्दल मुलांचा एक मोठा गैरसमज असतो. ते पैसे हातात येत नाहीत. बँकेत तुमच्या नावानं अडकवून ठेवतात, युनिट तीन वर्षं चालू असल्याचं दिसलं की कर्जात वळते होतात. तोपर्यंत हप्ता चालूच. म्हणून तासाच्या हिशेबात हप्ता धरताना अनुदान मिळालंच आहे असं समजू नका. शिवाय या योजना नव्या युनिटसाठी आहेत. आधीच चालू केलेलं दुकान दाखवून अनुदान मिळत नाही.

मराठा समाजातल्या आणि ज्यांना वेगळं महामंडळ नाही अशा मुलांसाठी अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा आहे. अनुसूचित जातींसाठी महात्मा फुले महामंडळ, भटक्या-विमुक्तांसाठी वसंतराव नाईक महामंडळ. पीएम विश्वकर्मा ही १७ सप्टेंबर २०२३ ला आलेली योजना सुतार, लोहार, गवंडी, शिंपी अशा अठरा पारंपरिक कामांसाठी आहे. इलेक्ट्रिशियन किंवा वेल्डर त्यात शोधू नका.

बँक मॅनेजर दाद देत नाही. काय करू?

त्याच्या खुर्चीत बसून बघ. समोर वीस-बावीस वर्षांचा मुलगा, हातात सायबर कॅफेतून छापून आणलेला प्रकल्प अहवाल, आणि “यातला हा आकडा कुठून आला?” म्हटलं की मुलगा वडिलांकडे बघतो. कसं देणार?

अहवाल स्वतः लिही, दोन पानांचाच का असेना. तासाची किंमत, महिन्याला किती तास, कोणाचं काम मिळणार, ती माणसं कोण. दोन-तीन गिऱ्हाइकांची ‘काम देऊ’ अशी साधी पत्रं जोड. अप्रेंटिसशिपपासून स्टायपेंड खात्यात येऊ दे आणि तेच खातं नीट चालव. मोबाइलचा हप्ता बुडवलेला असेल तर सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, दिसतो. दहा हजारांच्या फोनपायी पाच लाखांचं कर्ज नाकारलेलं मी पाहिलंय.

‘काम करून देतो, दहा टक्के द्या’ म्हणणारा एजंट भेटला तर उठून या.

नोंदण्या आणि परवाने किती लागतात?

वाटतात तितके नाहीत. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर, ऑनलाइन, फुकट. दोन हजार घेणारे एजंट गल्लोगल्ली आहेत, त्यांच्या नादी लागू नका. दुकानात वीसपेक्षा कमी माणसं असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. त्यालाही लोक अजून गुमास्ताच म्हणतात. जीएसटी साधारणपणे सेवेला वर्षाच्या २० लाख आणि मालाला ४० लाख उलाढालीपर्यंत लागत नाही, पण कंपन्यांचं जॉबवर्क घ्यायचं तर गिऱ्हाईकच नंबर मागतं.

इलेक्ट्रिशियनसाठी मात्र कडक आहे. वायरिंगचे ठेके स्वतःच्या नावावर घ्यायचे तर शासनाचा विद्युत ठेकेदार परवाना हवा. तारतंत्री (वायरमन) आणि पर्यवेक्षकाचे परवाने वेगळे. नुसत्या आयटीआय प्रमाणपत्रावर टेस्ट रिपोर्टला सही करू नका. उद्या आग लागली की पहिलं नाव तुमचं निघेल.

गिऱ्हाईक पैसे देत नाही. कायदा आहे ना?

कायदा आहे आणि चांगला आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ठरवली तरी ४५ दिवसांच्या आत, चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. तक्रारीला फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. आयकरातही आता या मुदतीबाहेर थकवलेलं बिल पैसे देईपर्यंत खर्च म्हणून धरता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये काही कंपन्या अचानक उदार होतात. यासाठी माल देण्याआधी उद्यम नोंदणी झालेली असावी आणि बिलावर नंबर छापलेला असावा.

पण खरं सांगायचं तर, दोन मशीनवाला मुलगा आपल्या एकुलत्या एका गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करत नाही. कारण दुसऱ्या दिवशी काम बंद. एका कारखान्याकडे माझे चार महिन्यांचे पैसे अडकले होते आणि मी रोज सकाळी तिथल्या वॉचमनशी गप्पा मारून परत यायचो. त्यातून शिकलो ते एवढंच: घरगुती कामाला निम्मी आगाऊ रक्कम, कंपनीच्या कामाला पहिली दोन बिलं आल्याशिवाय तिसरी मोठी ऑर्डर नाही, आणि रोख पैसे देणारी छोटी कामं कधीच बंद करायची नाहीत.

मुलींसाठी यात काय? शिवणकामच ना?

शिवणकामाला नाक मुरडू नका. शाळांचे गणवेश आणि हॉस्पिटलची लिनन हा मोठा धंदा आहे. पण तेवढंच कशाला? माझ्या संस्थेतली इलेक्ट्रिशियन झालेली एक मुलगी सोसायट्यांमध्ये मिक्सर, गिझर, वॉशिंग मशीनची दुरुस्ती करते. दुपारी घरी एकट्या असलेल्या बायकांना अनोळखी पुरुषापेक्षा ती आलेली बरी वाटते, हा तिचा सगळ्यात मोठा भांडवली माल. वर्षभरात तिनं स्कूटर घेतली आणि मग एक मदतनीस, तीही मुलगीच.

अडचणी खऱ्या आहेत. गाळा भाड्यानं द्यायला मालक का-कू करतो, रात्रीची कामं घेता येत नाहीत, लग्नाचं ठरलं की दुकानाचं काय हा प्रश्न घरचे पहिल्या दिवसापासून विचारतात. नोंदणी, बँक खातं आणि मशीनचं बिल मुलीच्याच नावावर ठेवा, एवढं मी पालकांना सांगतो. योजनेतल्या जास्त अनुदानासाठी नाव मुलीचं आणि व्यवहार भावाचा, हे प्रकार थांबवा.

मुलगा म्हणतो धंदा करतो. आम्हाला वाटतं नोकरी करावी. (एका वडिलांचा प्रश्न)

काका, तुमची भीती रास्त आहे. सगळ्यांनी धंदा करावा असं मीही म्हणत नाही. माझ्या वर्गातल्या वीस मुलांमध्ये तीन-चारच त्या वळणाची असायची, आणि ती बहुतेक वेळा पहिल्या नंबराची नसायची.

त्याला एक काम द्या. घरातली किंवा शेजारची दहा दुरुस्तीची कामं सुट्टीच्या दिवशी घेऊ दे, पैसे घेऊन. मामाकडूनसुद्धा. प्रत्येक कामाचा खर्च, वेळ आणि मिळालेले पैसे वहीत लिहू दे. दहा कामांनंतर ती वही तुम्ही दोघं एकत्र बसून वाचा. पैसे मागायला त्याची जीभ रेटत नसेल तर ते त्यालाच कळेल. दागिने गहाण टाकण्याआधी एवढं केलंत तरी पुरे.

मित्रासोबत भागीदारी करू का?

एक वेल्डर आणि एक बोलका मित्र ही जोडी चालते. दोन वेल्डर भांडतात. कागदावर करार करा आणि कोण किती पगार घेणार ते पहिल्याच दिवशी लिहा.

मी नवा निदेशक आहे. अभ्यासक्रम तर बदलता येत नाही. वर्गात काय करू?

सर, अभ्यासक्रमाला हात लावायची गरजच नाही. प्रत्येक जॉबच्या शेवटी मुलगा नोंदवही भरतो. त्यात तीन ओळी वाढवा: माल किती रुपयांचा लागला, वेळ किती लागला, हा बाजारात केवढ्याला विकशील. पहिल्या महिन्यात मुलं हसतात. तासाला चाळीस रुपये धरणारा निघतो, हजार धरणारा निघतो. दिवाळीपर्यंत वर्गात भांडणं सुरू होतात की व्ही-ब्लॉकला एवढा वेळ लागूच कसा शकतो. तेव्हा समजायचं की गाडी रुळावर आली.

दुसरं, मे महिन्यात मुलांना घेऊन गावात एक दिवस दुरुस्ती शिबिर घ्या. पंप, पंखे, फवारणीचे पंप, बैलगाडीचे आरे, जे येईल ते. कोणीतरी पिशवीत तुटका पार्ट घेऊन येईलच. तेव्हा आपण मधे बोलायचं नाही, मुलाला बोलू द्यायचं.

तिसरं, धंदा करणाऱ्या माजी विद्यार्थ्याला बोलवा, पण सत्काराला नको. त्याला त्याची उधारीची वही घेऊन यायला सांगा. आणि ज्याचा धंदा बसला त्यालाही बोलवा, तो आला तर. मी माझ्या वर्गात स्वतःलाच बोलवायचो.

मोठे बदल वरून येतील तेव्हा येतील. २०२५ मध्ये केंद्रानं हजार आयटीआय सुधारण्यासाठी ‘पीएम-सेतू’ ही ६०,००० कोटींची योजना जाहीर केली, उद्योगांना सोबत घेऊन. नवी मशीनं आली तर फारच चांगलं. नोंदवहीतल्या तीन ओळींसाठी मंजुरी लागत नाही.

धंदा बसला तर?

मशीन विका, बँकेला स्वतःहून जाऊन भेटा, फोन बंद करून बसू नका. गाळ्याचं भाडं चढू देऊ नका. बंद करायचं ठरलं की त्याच महिन्यात बंद करा. मी सात महिने उशीर केला आणि जेवढं बुडालं त्यातलं बरंचसं त्या सात महिन्यांत बुडालं. माझं लेथ ज्यानं घेतलं तो अजून ते चालवतो, इस्लामपूर रोडला. मधे एकदा गेलो होतो. चक तोच आहे, जबडे बदललेत. एक बुशिंग करून घेतलं आणि पैसे किती म्हणून विचारलं. त्यानं क्षणभरही न थांबता आकडा सांगितला.